शून्य मैलापासून समुद्रापर्यंत: पडलेली झाडं आणि कोटातलं जुनं चर्च

१८ मे २०२१, मंगळवार

काल तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूने वर सरकलं. वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर, पाऊस २०० मिलिमीटरच्या वर, आणि तोही मे महिन्यात. कोरोनाचे निर्बंध असले तरी बँका चालू असल्याने माझं फोर्टात येणं-जाणं चालू आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

आमच्या गटाचा प्रकल्प आधीचाच: चर्चगेट ते सेंट थॉमस कॅथेड्रल या पायी फेरीसाठी नकाशा आणि दोन माहितीफलक. आता त्यात झाडांची भर पडली आहे. करवती सुरू झाल्यात. दोन दिवसांत ओंडके जातील आणि आठवड्यात आळ्यावर पेव्हर ब्लॉक बसतील. मग इथे झाड होतं हे सांगायला काही उरणार नाही. तेव्हा इतिहास थांबवून आधी मोजमाप.

प्रत्येक झाडाला एक ओळ: जात, छातीच्या उंचीवरचा घेर, मुळासकट उपटलं की खोडात मोडलं, डोकं कुठल्या दिशेला, मुळांच्या गड्ड्याची जाडी, आणि अंतर.

अंतर कुठून मोजायचं यावर फोनवर थोडा वाद झाला. स्टेशनपासून मोजणं सोयीचं. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत बसवलेले मैलाचे दगड सगळे सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले होते. काळा बेसाल्ट, त्यावर रोमन आकडे. काही अजून आहेत, बरेचसे फूटपाथची उंची वाढत गेल्याने गळ्यापर्यंत गाडले गेलेले. ‘दादर सहा मैल’ म्हणजे या चर्चच्या दारापासून सहा मैल. या शहराचं शून्य तिथे आहे तर आपलंही तिथेच. ठरलं.

२१ मे

एकंदर चित्र असं: मोडलेली कमी, उपटलेली जास्त.

मोडलेल्यांत बहुतेक गुलमोहर. बुंध्याशी पोकळ, आत भुसभुशीत पांढरट लाकूड, एकदोघांच्या पायथ्याशी कडक तपकिरी छत्रीसारखी बुरशी. ही गॅनोडर्मा. ती बाहेर दिसते तोवर आतलं काम झालेलं असतं. अशी झाडं पडायचीच होती, वादळाने तारीख दिली इतकंच.

उपटलेली झाडं जास्त बोलतात. मोठ्या पर्जन्यवृक्षाचा गड्डा आडवा उभा राहिलाय, माणसापेक्षा उंच, पण जाडी जेमतेम दोन फूट. सोटमूळ नाही. सोटमूळ खोल गेलेलं असतं असं आपण शाळेत शिकतो, पण शहरातल्या मोठ्या झाडांची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात, कारण हवा आणि पाणी तिथेच मिळतं. झाडाला धरून ठेवते ती पसरलेल्या मुळांची रुंदी. इथे रुंदी होती कुठे? एका बाजूला रस्त्याचा कठडा, दुसऱ्या बाजूला केबलचा चर. चराच्या बाजूची मुळं सरळ रेषेत कापलेली, आणि कापलेली टोकं जुनी, काळी पडलेली. म्हणजे मुळं या वादळात तुटलेली नाहीत, काही वर्षांपूर्वीच छाटली गेली होती. कोणी खणलं ते विचारून उपयोग नाही, त्या पट्ट्यात सगळ्यांच्याच वाहिन्या आहेत.

दिशेची गंमत पुढे. बहुतेक खोडांची डोकी उत्तरेला किंवा वायव्येला. नैऋत्य मोसमी वारा दरवर्षी येतो आणि झाडं त्याच्या हिशेबाने मुळं जाड करत जातात. पण चक्रीवादळ समुद्रातून, आपल्या पश्चिमेकडून वर गेलं. त्याचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात, त्यामुळे इथे जोर आधी आग्नेयेकडून आणि मग दक्षिणेकडून आला. झाडांना त्या बाजूची सवय नव्हती. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: ५० चा वारा १०० झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यात जमीन भिजून मऊ.

रस्ता पूर्व-पश्चिम असल्याने दक्षिण फूटपाथवरची झाडं रस्त्यात आली, उत्तरेची भिंतींवर टेकली. यातून लगेच सिद्धान्त काढू नये. इमारतींच्या फटींतून वारा वळतो, आणि उजेडासाठी रस्त्याकडे कललेलं झाड कुठल्याही वाऱ्यात रस्त्याकडेच येणार.

२९ मे

ओंडके गेले. आता लोक सांगतात ती वयं गोळा करतोय.

एका इमारतीचे रखवालदार काका म्हणाले, “साहेब, हे झाड इंग्रजाच्या आधीचं.” रसवंतीवाला म्हणाला, “चर्चएवढं जुनं, तीनशे वर्षं धरा.” तिसऱ्याने दीडशे सांगितली. झाड तेच, पर्जन्यवृक्ष.

खोडातल्या वर्षाच्या कड्या मोजा ना, असं गटातल्या एकीने सुचवलं. ओंडक्याच्या चकतीचे फोटो वनस्पतिशास्त्राच्या बाईंना पाठवले होते, त्यांचं उत्तर आलं. सागाची वर्षाकडी स्पष्ट असते, पुण्यातल्या हवामानशास्त्रज्ञांनी सागाच्या कड्यांवरून जुन्या मोसमी पावसाचा अभ्यास केला आहे. पण पर्जन्यवृक्ष किंवा गुलमोहर यांच्या कड्यांवर विसंबता येत नाही. वर्षात दोनदा पालवी आली तर दोन कड्या दिसतात, कधी एकही नीट दिसत नाही. घेरावरूनही फसायला होतं. पर्जन्यवृक्ष जागा मिळाली की झपाट्याने फुगतो; दोघांच्या कवेत न मावणारं झाड अजून शंभरीच्या अलीकडेच असू शकतं.

मग वय कशावरून काढायचं, हा प्रश्न उघडाच आहे.

१३ जून

पाऊस ९ तारखेला आला. उरलेल्या एका गड्ड्याखालच्या खड्ड्यात पाणी साचलं आहे.

याच आठवड्यात राज्य मंत्रिमंडळाने १९७५ च्या झाडांच्या कायद्यात बदल करायचं ठरवलं. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ धरणार. आणि असं झाड तोडायचं असेल तर त्याचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची, सहा फुटांच्या वरची रोपं, सात वर्षं निगा राखून. वादळाने पडलेल्याला हा हिशेब लागू नाही. पण वय आता रसवंतीवरच्या गप्पांपुरतं राहणार नाही, ते अर्जात भरायचा आकडा होणार. आणि तो आकडा काढायची पद्धत कोणाकडे आहे?

बसमधून येताना सुचलं ते इथे टाकतो. झाडाचं वय मिळत नसेल तर जमिनीचं मिळतं. झाड आपल्या जमिनीपेक्षा जुनं असू शकत नाही. या रस्त्याची जमीन तर तुकड्या-तुकड्याने तयार झालेली आहे, आणि प्रत्येक तुकड्याची तारीख लिहून ठेवलेली आहे.

४ जुलै

तीन रविवार नकाशांत गेले. समुद्राकडून चर्चकडे यायचं, म्हणजे नव्याकडून जुन्याकडे.

रेल्वेच्या पश्चिमेचा तुकडा. चर्चगेट स्टेशन १८७० चं, आणि तेव्हा समुद्र रुळांच्या अगदी पलीकडे होता. आज तिथून मरीन ड्राइव्हपर्यंत जे काही उभं आहे ते बॅक बेच्या भरावावर, १९२० आणि ३० च्या दशकांतल्या. आर्ट डेको इमारती ३० च्या दशकात उठू लागल्या. म्हणजे इथलं कुठलंही झाड आज फार तर नव्वदीचं. शंभर सांगणाऱ्याला समुद्रात झाड लावावं लागेल.

ओव्हल आणि क्रॉस मैदानाचा तुकडा. इथे मी स्वतः जुनी झाडं धरून चाललो होतो, कारण हा भाग पाहताना पुरातन वाटतो. नकाशे उलटं सांगतात. हे एस्प्लनेड. कोटाच्या तोफांना समोर मोकळं मैदान हवं म्हणून इथली माडांची बनं अठराव्या शतकात मुद्दाम तोडली, आणि १८०३ च्या मोठ्या आगीनंतर मोकळा पट्टा आणखी रुंद केला. झाडाआडून शत्रू येऊ नये हा नियम होता. उन्हाळ्यात गोरे लोक इथे तंबू ठोकून राहत. लष्करी हुकमाने बोडकी ठेवलेली जमीन ही, आणि आज आपण तिला शहरातला हिरवा पट्टा म्हणतो. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात कोट पाडला, मगच इथे रस्ते, इमारती आणि झाडांच्या रांगा आल्या. कमाल वय १५५ च्या आसपास.

फ्लोरा फाउंटन. इथे कोटाचा चर्च गेट होता. अपोलो गेट, बाजार गेट आणि हा, असे तीन दरवाजे. यातून आत शिरलं की रस्ता थेट चर्चकडे. दरवाजा गेला, त्या जागी १८६४ साली कारंजं आलं, पुढे शेजारी हुतात्मा स्मारक आलं, आणि दरवाजाचं नाव मात्र पश्चिमेला सरकून रेल्वे स्टेशनला चिकटलं. रोज लाखो लोक ज्या चर्चच्या नावाने उतरतात ते चर्च स्टेशनपासून चांगलं किलोमीटरभर लांब आहे. फलकावर हे ठळक घ्यायचं.

फाउंटनच्या पुढे कोटाच्या आत. दाटीचा भाग, झाडांना जागाच नव्हती. मग एकदम हॉर्निमन सर्कल. हे आधी बॉम्बे ग्रीन, कापसाच्या गासड्या ठेवायची मोकळी जागा. गोल इमारती आणि मधली बाग १८७२ पर्यंत पुरी झाली. मात्र समोर टाउन हॉल १८३३ चा, आणि १८५० च्या दशकात शेअर दलाल त्याच्या पुढ्यातल्या वडाखाली जमत. १८७५ साली त्यांनी रीतसर संघटना केली, तीच आजचा शेअर बाजार. म्हणजे वड त्याआधीचे. इथे बागेच्या तारखेवर आंधळेपणाने जाता येत नाही, आधीचं झाड ठेवून भोवती बाग आखली असू शकते.

राहिला चर्चचा आवार. सबंध दीड किलोमीटरच्या रस्त्यात तीनशे वर्षांचं झाड असायला परवानगी असलेला हा एकच तुकडा.

जमिनीचं वय ही पहिली चाळणी. दुसरी बाईंनी सुचवली आणि ती पहिलीपेक्षा कडक निघाली: जातीचं वय. गुलमोहर मूळ मादागास्करचा. बोजर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो तिथे १८२० च्या दशकात सापडला. मुंबईत तो १८४० च्या सुमारास आला असं मानतात. पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा, इथे एकोणिसाव्या शतकातला पाहुणा. त्यामुळे ‘इंग्रजाच्या आधीचा’ पर्जन्यवृक्ष जमिनीत बसला तरी जातीत बसत नाही. वड, पिंपळ, भेंड, माड यांना ही अट लागत नाही.

दोन्ही चाळण्या लावल्या तर आमच्या यादीतलं एकही पडलेलं झाड दीडशेच्या पुढे जात नाही.

२५ जुलै

वादळांचा रकाना. इंटरनेटवरच्या पुष्कळ याद्यांत ‘६ जून १८८२, ग्रेट बॉम्बे सायक्लोन, १ लाख बळी’ असं ठोकून दिलेलं असतं. फलकाच्या पहिल्या मसुद्यातही ते कोणीतरी घातलं. काढलं. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. त्यातली लाखभर माणसं एका दिवसात गेली आणि वर्तमानपत्रांनी ओळही छापली नाही, हे शक्य नाही. हवामानशास्त्रज्ञांनी अलीकडे शोध घेतला तेव्हा त्या काळच्या कागदांत या वादळाचा मागमूस मिळाला नाही. यादीवरून यादी उतरत गेली, आणि न आलेलं वादळ इतिहासात जाऊन बसलं. तीनशे वर्षांच्या पर्जन्यवृक्षाची तीच जातकुळी.

खरी नोंदलेली: मे १६१८, वसईकडचं, पोर्तुगीज चर्चांची छपरं उडवणारं. नोव्हेंबर १९४८, मुंबईवर थेट आलेलं. ३ जून २०२० ला निसर्ग, अलिबागच्या बाजूला. आणि ५ ऑगस्ट २०२०. त्या दिवसाला वादळाचं नाव नाही, पण दक्षिण मुंबईने तो विसरू नये: कुलाब्याला २४ तासांत ३३१.८ मिलिमीटर पाऊस आणि १०० च्या वरचा वारा. आमच्या रस्त्यावरचे काही बुंधे त्या दिवसाचे आहेत. त्यांच्यावर वर्षभराचं शेवाळ असल्याने ओळखता येतात.

२२ ऑगस्ट

रिकामी आळी परत तपासली. काही बुजवून सपाट केलीत, एकात सिमेंटचा खांब उभा आहे. दोनांत रोपं लावलीत, पिंजऱ्यासकट, पण आळ्याचं तोंड फूटभर चौकोनाचं. म्हणजे पुन्हा तोच गड्डा तयार होणार.

१६ ऑक्टोबर, शनिवार

प्रार्थनास्थळं ७ तारखेला उघडली. आज चर्चमध्ये आत जाता आलं. मास्क, नोंदवही, बाकांवर एकाआड एक बसायच्या खुणा.

इमारतीचा इतिहास फलकावर चार ओळींत मावेल, पण इथे सविस्तर लिहितो, कारण त्यात मजा आहे.

गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने १६७६ साली पायाभरणी केली. भिंती पंधराएक फूट चढल्या आणि काम थांबलं. पुढची सुमारे चाळीस वर्षं त्या भिंती छपराविना उभ्या होत्या. वर्गणीचे पैसे कुठे गेले यावरून बोलणी झालीच; अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या प्रवाशाने सरळ गव्हर्नर जॉन चाइल्डवर बोट ठेवलं. १७१४ मध्ये रिचर्ड कॉब हा तरुण पाद्री आला. त्याने प्रवचनातच विषय काढून लोकांना लाजवलं, नव्याने वर्गणी सुरू केली, आणि १७१८ च्या नाताळाला चर्च उघडलं.

मराठी वाचकाने थांबावं ते पुढच्या गोष्टीशी. वर्गणी देणाऱ्यांत आणि उद्घाटनाला आलेल्यांत रामा कामती होते, शेणवी व्यापारी, कंपनीच्या देशी शिपायांचे प्रमुख, वाळकेश्वरच्या देवळाच्या जीर्णोद्धाराशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते. कॉबने स्वतः लिहून ठेवलंय की रामा कामती आपल्या जातभाईंना घेऊन आले आणि उपासना संपेपर्यंत बाहेर उभे राहून ती ऐकत राहिले. दोन वर्षांत याच कामतींवर कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा खटला झाला. पुरावा म्हणून दाखवलेलं पत्र बनावट होतं हे पुढे बाहेर आलं, पण तोवर मालमत्ता जप्त झाली होती आणि ते कैदेतच वारले. चर्चच्या आत इतक्या संगमरवरी पाट्या आहेत. ज्याच्या पैशाने भिंती चढल्या त्या माणसाची एकही मला दिसली नाही.

पाट्या कोणाच्या? गव्हर्नर जोनाथन डंकनचं भलं मोठं स्मारक, त्यात बालहत्या बंद केल्याचा उल्लेख. १८०८ च्या समुद्री लढाईत पडलेला कॅप्टन हार्डिंग. ज्याच्या जहाजावर नेपोलियन शरण आला तो फ्रेडरिक मेटलंड, ज्याला १८३९ साली मुंबईजवळ समुद्रात मरण आलं. बाकी बहुतेक विशी-तिशीतले. ‘दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य’ असं त्या काळी मुंबईतले इंग्रज म्हणत, ते या भिंती वाचताना पटतं.

चर्च १८३७ मध्ये कॅथेड्रल झालं, लगेच घड्याळाचा मनोरा चढला. १८६० च्या दशकात, म्हणजे बाहेर कोट पडत असतानाच, वेदीकडचा भाग वाढवला. पश्चिम दारासमोरचं कारंजं गिल्बर्ट स्कॉटच्या आराखड्याचं, पैसे कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराचे. ओव्हलवरचा राजाबाई टॉवरही स्कॉटचाच, आणि हा गृहस्थ मुंबईत कधी आला नाही. फेरीची दोन टोकं जोडायला हा दुवा चांगला. १९११ साली पंचम जॉर्ज आणि राणी मेरी ज्या खुर्च्यांवर बसले त्याही जपून ठेवल्यात. २००४ मध्ये डागडुजीच्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

आवारातली झाडं बाहेर येऊन पाहिली. आमच्या हिशेबात इथे सर्वात जुनं झाड सापडायला हवं होतं, पण ‘असू शकतं’ आणि ‘आहे’ यात फरक आहे. जमिनीवरून फक्त कमाल मर्यादा कळते. तीनशे वर्षांची परवानगी असलेल्या जागेतही पन्नास वर्षांचं झाड उभं राहू शकतं. इथे इमारत जुनी आहे, झाडं मधल्या मधल्या काळातली दिसतात.

१४ नोव्हेंबर

फलकांचा मजकूर पक्का करायला बसलो. सर्वात मोठा वाद ‘३०० वर्षांचा वृक्ष’ या शब्दांवर. एकाचं म्हणणं, लोक थांबतात ते आकड्यासाठी. दीडशे लिहिलं तर पुढे निघून जातील. माझं म्हणणं, खोटा आकडा लिहून थांबवलेला माणूस झाड पाहत नाही, आकडाच पाहतो. वास्तुविशारद मैत्रिणीने तोडगा काढला: झाडाचं वय लिहायचंच नाही, प्रत्येक टप्प्यावर जमिनीची तारीख लिहायची. ‘इथे १९२० पर्यंत समुद्र.’ ‘इथे तोफांसाठी माड तोडले.’ ‘इथे दरवाजा होता.’ वाचणारा पुढचा हिशेब स्वतः करील. मान्य झालं.

नकाशात रिकामी आळी पोकळ वर्तुळाने, उभी झाडं भरीव ठिपक्याने. २०१८ च्या वृक्षगणनेत शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं निघाली होती. आमची वर्तुळं त्यात गणतीलाही लागत नाहीत, पण दीड किलोमीटरवर ती डोळ्यांत भरतात.

रोपांबद्दल वृक्ष प्राधिकरणाला द्यायच्या पत्राचा मसुदा बाई करताहेत. मागण्या तीनच. आळं निदान तीन फूट चौरस आणि त्यावर काँक्रीट नको. केबलचा चर बुंध्यापासून लांबून, किंवा मुळांखालून आडवं छिद्र पाडून. आणि एकाच जातीची रांग नको. भेंड, बकुळ, करंज मिसळा, म्हणजे एका बुरशीने अख्खी बाजू जाणार नाही. मी चौथी घालायला सांगितली: पडलेल्या झाडाच्या गड्ड्याचा फोटो आणि कापलेल्या मुळांची नोंद ओंडका उचलायच्या आधी व्हावी. बाई म्हणाल्या, “चार मागण्या केल्या की तीन मान्य होतात, लिहा.”

छापायला पुढच्या आठवड्यात. रोमन आकडे की देवनागरी, हे अजून ठरायचं आहे. चर्चच्या दारावरच्या पहिल्या फलकावर ‘० मैल’ देवनागरीत घ्यावं असं माझं मत; मैलाच्या दगडांवरच्या रोमन आकड्यांत शून्याला चिन्हच नव्हतं.